नऊ जणांच्या साक्षी

"पाळकसाहेब, तुम्हाला कधी देवाचा कंटाळा येतो का?"

हा प्रश्न मी विचारला. मी! भर वर्गात, उभी राहून, हनुवटी वर करून. मागच्या वर्षीपर्यंत शाळेत मला सगळे 'म्यूट' म्हणायचे. हजेरीला माझा आवाज इतका बारीक निघायचा की बाईंनी मला एकदा सलग चार दिवस गैरहजर लावलं, आणि मी समोरच्या बाकावर बसून ते मुकाट लावू दिलं.

मग माझ्या शेजारी भोंगा येऊन बसली. भोंगा म्हणजे अशी मुलगी की तिने कानात काही सांगितलं तरी ते शिपायाच्या खोलीपर्यंत पोचतं. तिने माझ्याकडे पाहिलं, म्हणाली, "तुला आवाज आहे गं, फक्त सवय नाही. रोज एक पैज. तयार?" पहिल्या दिवशीची पैज होती, फळ्यावर सरांची एक पायरी सुटली ते मोठ्याने सांगायचं. मी उभी राहून सांगितलं. सर म्हणाले, "शाब्बास!" आणि माझ्या पाठीला जणू पंख फुटले. वर्षभरात मी 'म्यूट'ची 'रेडिओ' झाले. आता मला बंद करायचं बटणच कोणाला सापडत नाही, असं आई म्हणते.

आमच्या टोळीत आणखी दोघी. टेकू नेहमी कशाला तरी टेकून उभी असते, भिंतीला, खांबाला, नाहीतर मला. आणि मिनिट. ती "एक मिनिट हं" म्हणते आणि अर्धा तास घेते. चौघी एकाच शाळेत, एकाच चर्चमध्ये, आणि या वर्षी दर शनिवारी दुपारी चार वाजता एकाच दृढीकरणाच्या वर्गात. आपण तान्ह्या असताना आईबापांनी आपल्यावतीने देवाला जे वचन दिलेलं असतं, ते मोठं झाल्यावर स्वतःच्या तोंडाने, सगळ्या मंडळीसमोर म्हणायचं, ते दृढीकरण. आम्ही अकरा जण होतो, आणि दृढीकरणाच्या रविवारला तीन आठवडे राहिले होते.

तर, प्रश्न. त्या दिवसाची पैज तीच होती.

पाळकसाहेब उंच, काटकुळे. त्यांचा चष्मा माझ्या पप्पांच्या दुकानातला आहे आणि सदान्‌कदा नाकावरून घसरत असतो, कारण काडी घट्ट करून घ्यायला ते कधी येतच नाहीत. त्यांनी तो काढला, सदऱ्याच्या बाहीने पुसला (पप्पांनी पाहिलं असतं तर त्यांना घेरी आली असती, बाहीने काचेवर ओरखडे पडतात) आणि म्हणाले, "उत्तर देईन मी तुला. पण आज नाही."

वर्गात हशा पिकला. भोंग्याने बाकाखालून माझा गुडघा इतका जोरात दाबला की मी खाली बसले तीच कळवळत.

"आता घरचा अभ्यास," पाळकसाहेब म्हणाले. "प्रत्येकाने एक साक्ष लिहायची. दोन मिनिटांची. देव मला कुठे भेटला, स्वतःच्या शब्दांत. पुढच्या शनिवारी कागद माझ्याकडे, आणि दृढीकरणाच्या रविवारी मंडळीसमोर वाचन."

बाहेर पडताच भोंगा म्हणाली, "देव मला कुठे भेटला? अगं, माझी हरवलेली छत्री मला अजून भेटली नाहीये!"

"मला पाप करायलाच वेळ मिळाला नाही," टेकू माझ्या खांद्यावर रेलून म्हणाली. "आठ वाजता शाळा, चारला शिकवणी, सहाला जेवण."

"सहाला?"

"आजोबांना लवकर लागतं."

मग तिघींनी माझ्याकडे पाहिलं. निबंधात गेल्या सहामाहीला पहिली कोण आली होती? मी. भोंग्याचे डोळे चमकले. "रेडिओ. आजची दुसरी पैज."

खरं सांगायचं तर तिने पैज लावायची गरजच नव्हती. मला नुसतं सुचायला लागलं होतं!

माझी आई प्रयोगशाळेत लोकांचं रक्त तपासते आणि पप्पा दुकानात लोकांचे डोळे. एक आतून बघते, दुसरा सरळ डोळ्यांत. आमच्या घरात काही लपवणं म्हणजे काचेच्या कपाटात लपण्यासारखं आहे. म्हणून मी लिहायला बसले ती पप्पांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत, काचा घासायच्या यंत्राशेजारी. पुढे पप्पा गिऱ्हाइकाच्या नाकावर ती जड चाचणीची फ्रेम चढवून काचा बदलत होते. "पहिलं बरं की दुसरं? आता? पहिलं की दुसरं?" आणि मागे मी स्वतःला तेच विचारत होते. बुडणं बरं की भाजणं? ताप बरा की अपघात?

मिनिटला मी पोहण्याच्या तलावात बुडवलं. पायात गोळा आला, ती खाली खाली गेली, आणि पाण्यातून वर पाहताना तिला हाक ऐकू आली. (मिनिट त्या तलावाच्या कपडे बदलायच्या खोलीपलीकडे कधी गेलेली नाही. ती तयार होईपर्यंत तलाव बंद होतो.) भोंग्याला मी वर्गातली कंपासपेटी चोरायला लावली आणि तीन दिवस घास घशाखाली उतरू दिला नाही. टेकूच्या आजोबांना मी न्यूमोनिया दिला. डॉक्टरांनी हात टेकले, टेकू दवाखान्याच्या खिडकीशी उभी राहून प्रार्थना करत होती, आणि पहाटे आजोबांनी डोळे उघडले. लिहिताना माझ्याच डोळ्यांत पाणी आलं!

बातमी फुटायची ती फुटलीच, भोंगा असल्यावर दुसरं काय होणार. सोमवारपर्यंत वर्गातले बाकीचेही रांगेत. जुळ्या भावांपैकी एकाला मी बाजारात हरवलं आणि दुसऱ्याला शोधायला लावलं, म्हणजे एका प्रसंगात दोघांचं काम. शेवटच्या दोघांपर्यंत पोचले तोवर माझ्याकडची संकटं संपत आली होती. मी आईला विचारलं, "आई, असा एखादा आजार सांग ना, जो ऐकायला भयानक वाटतो पण लगेच बरा होतो."

आई प्रयोगशाळेत रक्ताच्या, जांभळ्या टोपणाच्या नळ्यांवर नावं चिकटवत होती. "कोणाला झालाय?"

"निबंधात."

"मग आव होऊ दे."

साक्षीत आव कशी शोभेल? मी त्याला शिडीवरून पाडलं.

आठवडाभरात नऊ साक्षी. मी तरंगत होते! प्रत्येक जण कागद वाचून म्हणायचा, "हा मीच आहे असं वाटतंय." मधल्या सुट्टीत माझ्यासाठी जागा धरली जायची. एका मुलाने तर सांगितलं की त्याला आता ते शिडीवरून पडणं खरंच आठवायला लागलंय.

फक्त एकीने नाही म्हटलं. आम्ही तिला 'कोपरा' म्हणायचो, कारण ती कायम तिथेच बसायची. "तुझी लिहून देऊ?" मी मोठ्या मनाने विचारलं.

"नको. माझी आहे."

अकरावी माझी स्वतःची. ती मी सात वेळा लिहिली. सातही वेळा सुंदर झाली, आणि सातही वेळा मी ती फाडली. का फाडली ते मला कळेना. शनिवारी कागद देताना पाळकसाहेबांना म्हटलं, "माझा कच्चा आहे अजून," आणि ते म्हणाले, "मग पुढच्या शनिवारी दे."

बुधवारी दुपारी शाळेतून घरी येते तोच टेकूचा फोन. "ये. आत्ताच्या आत्ता. आमच्या घरी सूप आलंय."

"मग पी की."

"चार भांडी आलंय!"

झालं होतं असं की पाळकसाहेबांनी टेकूची साक्ष वाचली, त्यांना भरून आलं, आणि त्यांनी भगिनी मंडळाला सांगितलं, आजोबा मरणातून उठलेत, जाऊन उपकारस्तुती करून या. मी पोचले तेव्हा पुढच्या खोलीत आठ बायका, चार झाकणवाली भांडी, एक केक, आणि मधोमध खुर्चीत टेकूचे आजोबा. निवृत्त बसचालक. रोज सकाळी चार मैल चालतात. त्यांच्या शिळेने कबुतरं उडतात.

"आजोबा," मंडळाच्या अध्यक्षीणबाई गहिवरून म्हणाल्या, "देवाने तुम्हाला मरणाच्या दारातून परत आणलं!"

आजोबांनी टेकूकडे पाहिलं. टेकू भिंतीत शिरायच्या बेतात होती. आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. मग केककडे पाहिलं. आणि खोकले.

"हो ना," ते म्हणाले. "अगदी दारापर्यंत गेलो होतो. कडी आतून होती."

मी आणि टेकू स्वयंपाकघरात पळालो आणि एकमेकींच्या तोंडावर हात दाबून इतक्या हसलो की माझ्या पोटात कळ आली. बाहेर तीन गीतं झाली. तिन्हींत सगळ्यांत मोठा आवाज त्या मरता मरता वाचलेल्या माणसाचा होता.

बायका निघाल्या. शेवटी राहिल्या ऑर्गनवाल्या आजी. दर रविवारी ऑर्गन वाजवतात त्या, पायात कापडी बूट घालून. त्यांनी टेकूचा हात धरला.

"बाळा, तू खिडकीशी उभी राहून प्रार्थना केलीस ना? आमच्या ह्यांचं पण फुप्फुसच होतं. मीसुद्धा खिडकीशीच उभी होते. अकरा दिवस." त्यांनी टेकूचा हात सोडला नाही. "तू काय म्हणालीस गं? मला कळू दे तरी, माझं काय कमी पडलं."

टेकूने माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. आजोबांनी हातातली केकची बशी हळूच खाली ठेवली.

"तुमचं काही कमी पडलं नाही, बाई," तेच म्हणाले. ऑर्गनवाल्या आजींनी मान हलवली, पण त्यांना ते पटलेलं नव्हतं.

घरी जाताना मी स्वतःला सांगत होते, विसर, विसर, विसर. रेडिओ आहेस ना, स्टेशन बदल.

शनिवारी रंगीत तालीम होती. सगळ्यांनी साक्षी वाचल्या आणि फार छान वाचल्या. संपल्यावर पाळकसाहेबांनी मला थांबवलं. मला वाटलं, कागद मागणार. पण ते पहिल्या बाकावर बसले, लांब पाय पुढे पसरले आणि म्हणाले, "तुझ्या प्रश्नाचं उत्तर. येतो."

"काय?"

"कंटाळा. बहुतेक मंगळवारी. रविवार होऊन गेलेला असतो, पुढचा लांब असतो. प्रार्थनेला बसतो आणि वाटतं, कोणाशी बोलतोय मी? आणि गेलं वर्षभर तर सगळेच वार मंगळवार होते. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. तू सरळ विचारलंस म्हणून सरळ सांगतो."

मी त्यांच्या शेजारी बाकावर बसले.

"पण मग तुमचे हे कागद आले." त्यांचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. "परवाच्या मंगळवारी मी ती तलावाची साक्ष तीनदा वाचली. म्हटलं, बघा, देव आमच्या पोरांमध्ये राजरोस हिंडतोय आणि मलाच दिसत नव्हता! वर्षभरात पहिल्यांदा मी प्रार्थनेला पळत गेलो. पळत, अक्षरशः. पाळकीणबाईंना वाटलं काहीतरी जळलं."

माझ्या पोटात गोळा आला. तो मी मिनिटच्या पायात घातला होता, तो परत माझ्याकडे.

बाहेर आले तर मागच्या नळावर कोपरा फुलदाण्या धूत होती. चर्चमधली फुलं तिची आत्या बघते, पण आत्याचे गुडघे दुखतात म्हणून आता ही बघते. कुजलेल्या देठांचा हिरवट वास येत होता.

"दिलीस तुझी?" तिने वर न बघता विचारलं.

"जमत नाहीये."

"नऊ जमल्या की."

मी चरकले. "आकडा तुला कोणी सांगितला?"

"आज ऐकल्या ना. नऊच्या नऊ जणांच्या अंतःकरणात 'मंद प्रकाश पसरला'. तलावात पण, शिडीखाली पण. बाकीच्यांना कळलं नाही, ते आपापली पाठ करत होते."

मला हसू आलं, आणि लगेच रडूही. असं दोन्ही एकदम कधी झालं नव्हतं, फार विचित्र लागतं, नाक जळतं. "तुझी वाचू? तुझा आवाज तालमीत मागेपर्यंत आलाच नाही."

तिने ओले हात झग्याला पुसून खिशातून आपल्या साक्षीची प्रत काढली. चार ओळी.

'मला देव कुठे भेटला ते मला माहीत नाही. मी दर शनिवारी फुलदाण्या धुते. कधी वाटतं कोणीतरी बघतंय, कधी वाटतं कोणीच नाही. दोन्ही शनिवारी मी पाणी बदलते.'

"एवढंच?"

"एवढंच खरं होतं. बाकी लिहिलं होतं, ते खोडलं." मग तिने एक फुलदाणी माझ्या हातात दिली. "देठ तिरके काप, पाणी नीट चढतं."

मी कापले. आम्ही दोघी बराच वेळ तिथे होतो आणि मी चक्क फार बोलले नाही. आणि गंमत म्हणजे मी म्यूट झालेय असंही मला वाटलं नाही.

सोमवारी मधल्या सुट्टीत मी तिघींना सांगितलं, मी पाळकसाहेबांना खरं सांगणार आहे. तुमची नावं घेणार नाही, पण तुम्हीही आपापली लिहा.

भोंग्याने डब्याचं झाकण आपटलं. "का? कोणाचं वाईट झालं सांग. पाळकसाहेब खूश. आजोबा खूश, त्यांना केक मिळाला. बायका खूश. सगळी मंडळी रडणार, छान रडणार! कोण दुखावलं?"

"ऑर्गनवाल्या आजी," टेकू म्हणाली. ती कशालाही टेकलेली नव्हती.

भोंग्याने तिच्याकडे पाहिलं. मग माझ्यावर उलटली. "आणि मी? मंडळीसमोर मी काय वाचणार? माझ्याकडे काहीच नाहीये. कंपासपेटी सोडून काहीच नाहीये माझ्याकडे! तुला बोलायला कोणी शिकवलं गं?"

"तू."

"मग?"

"मग तेच करतेय ना. बोलतेय."

तिने डबा उचलला आणि पार त्या टोकाच्या बाकावर जाऊन बसली. पाठ करून. माझा घास तोंडातच राहिला. मला तिच्यामागे धावत जाऊन सांगावंसं वाटलं, जाऊ दे, सोड, काही नाही, मी गंमत केली. खरंच धावले असते. पण पाय हलले नाहीत, आणि पहिल्यांदाच ते भीतीने थिजले नव्हते.

"एक मिनिट," मिनिट म्हणाली. "म्हणजे आता मला माझी स्वतः लिहावी लागणार?"

"हो."

"रविवारपर्यंत?"

"हो गं."

"अरे देवा," ती म्हणाली, आणि मला वाटतं तिच्या साक्षीची सुरुवात तिथेच झाली.

मंगळवार मी मुद्दाम निवडला नाही, सोमवारनंतर तोच आला. पाळकसाहेबांच्या ऑफिसात टेबलावर माझ्याच नऊ कागदांची चळत होती, वर दगड ठेवलेला. मी बसलेच नाही. बसले असते तर बोलता आलं नसतं.

"आलेल्या दहा कागदांतले नऊ मी लिहिलेत. कोणाचे ते विचारू नका. जे जे सुंदर आहेत ते."

त्यांनी वरचा कागद उचलला, खाली ठेवला. "तलाव?"

"तलावसुद्धा."

"मला तो तलाव फार आवडला होता गं," ते म्हणाले, आणि एखाद्या लहान मुलाचा फुगा फुटावा तसा त्यांचा चेहरा झाला. ते रागावले असते तर सोपं गेलं असतं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मग आता माझ्या मंगळवारांचं काय करू?"

मला बायबलमधलं वचन वगैरे काही आठवलं नाही. मी म्हटलं, "कोपऱ्याची, म्हणजे ती फुलदाण्यावाली, तिची वाचलीत?"

"ती? ती मी बाजूला ठेवली होती. जरा छोटी वाटली." त्यांनी खण उघडला. चष्मा न लावताच कागद नाकाशी धरून वाचला. मग चष्मा लावून वाचला. मग खिडकीकडे बघत राहिले.

"दोन्ही शनिवारी," ते शेवटी म्हणाले, स्वतःशीच.

मग त्यांनी ते नऊ कागद माझ्या हातात दिले. "हे तुझे. ज्याचा त्याला परत दे, आणि रविवारी कोणाकडे दोनच ओळी असतील तर दोन वाचा म्हणावं. ऑर्गनवाल्या बाईंकडे कोण जाणार?"

"मी आणि टेकू. आत्ताच."

गेलो. टेकू रस्ताभर माझ्यावर इतकी रेलली होती की आम्ही दोघी तिरक्याच चालत होतो. आजींनी दार उघडलं, आम्ही उंबऱ्यातच सगळं ओकलो. त्या ऐकून घेतल्यावर हळूच खुर्चीत टेकल्या.

"म्हणजे तू खिडकीशी नव्हतीसच?"

"नव्हते," टेकू रडत म्हणाली. "आजोबांना कधी सर्दीसुद्धा होत नाही."

"म्हणजे माझं काही कमी पडलं नव्हतं." असं म्हणून त्यांनी एवढा मोठा श्वास सोडला की मला वाटलं, तो त्यांनी बुधवारपासून धरून ठेवला होता. मग त्यांनी माझा कान पकडला. हळू नाही! चांगला पिळला, मग सोडला, आणि विचारलं, "लिहितेस बरी?"

"हो," मी म्हटलं, कान चोळत.

"मग एखादं खरं लिही कधीतरी."

आता सगळं मिटलं होतं, नाही का? पाळकसाहेब म्हणाले होते, "कबूल केलंस, झालं. रविवारी तूही उभी राहा." मिनिटने दीड पान लिहिलं होतं, फक्त उशीर होण्याबद्दल, आणि ते भारी होतं. भोंग्याने कागद परत घेताना माझ्याकडे बघितलं नाही, पण नाक मुरडलं, आणि तिचं नाक मुरडणं म्हणजे निम्मा समेट. कोणीही मला अडवलं नव्हतं.

पण विधीत पाळक विचारतात, "हे तू स्वतःच्या इच्छेने आणि स्वतःच्या मुखाने कबूल करतेस का?" आणि आपण म्हणायचं, "होय, कबूल करते." गुरुवारी मी आरशासमोर ते म्हणून पाहिलं. मी ते इतकं सुरेख म्हटलं, बरोबर जागी थांबून, आवाज जरासा कापवून, की सगळं चर्च हेलावलं असतं. आणि मी आरशातल्या त्या मुलीला म्हटलं, ए, चल हट.

आणि मला एकदम इतकं हलकं वाटलं की मी पलंगावर दोन उड्या मारल्या. कारण आठवून बघितलं तर वर्षभरातली माझी प्रत्येक शूर गोष्ट कोणाच्या तरी पैजेवर होती. याच्यावर कोणाचीच पैज नव्हती!

बाहेरच्या खोलीत आई पांढऱ्या फ्रॉकची खालची दुमड घालत होती, तोंडात टाचण्या धरून. पप्पा मला बक्षीस द्यायच्या नव्या फ्रेमचे स्क्रू आवळत होते. मावशी शनिवारी येणार होती, केक सांगून झाला होता, आणि आईने प्रयोगशाळेत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

"आई, टाचण्या काढ तोंडातल्या," मी म्हटलं. "पप्पा, तुम्ही पण ते खाली ठेवा."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आईने एकेक टाचणी काढून उशीत खोचली. सहा होत्या, माझं हृदय तेवढ्या वेळात साठ वेळा उडालं.

"काय केलंस आता?" पप्पा म्हणाले.

"केलं ते आधी सांगते, ठरवलं ते मग." आणि मी सगळं सांगितलं, तलाव, न्यूमोनिया, शिडी, कान. आईने दोनदा तोंडावर हात ठेवला, एकदा धक्क्याने आणि एकदा हसू दाबायला, आणि त्या दुसऱ्या वेळेने मला धीर आला.

"मी या रविवारी दृढीकरण घेणार नाहीये," मी म्हटलं. माझा आवाज मुळीच कापला नाही, मी कापवलाही नाही. "रुसून नाही, शिक्षा म्हणून नाही, आणि मला देव नको झालाय म्हणून तर मुळीच नाही. रविवारी मी येणार, मावशीला घेऊन पुढे बसणार, सगळ्यांच्या साक्षींना जोरात आमेन म्हणणार. पण माझं नाव आलं की उठणार नाही. आत्ता मी 'होय' म्हटलं तर ते फार छान वाटेल, एवढंच. मला ते खरं झालेलं हवंय. त्याला एक वर्ष लागेल नाहीतर दोन, आणि तोवर मी दर शनिवारी तीन वाजता चर्चच्या मागच्या नळावर असेन, म्हणजे शनिवारची शिकवणी बदलावी लागेल. फ्रॉकची दुमड मोठी ठेव आई, मी वाढेन. आणि पप्पा, असं बघू नका, मी विचारत नाहीये. सांगतेय."